लांबलेल्या डोळ्याची डागडुजी

चष्म्याने लघुदृष्टी बरी होत नाही, ती केवळ सोसण्याजोगी होते, ही गोष्ट चष्मा लावणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात असते कोण जाणे. फळ्यावरची अक्षरे पुसट दिसतात म्हणून शाळकरी मुलाला डॉक्टरांकडे न्यावे, त्यांनी उणे दीडचा नंबर लिहून द्यावा, पुढच्या वर्षी तो अडीच व्हावा, त्याच्या पुढच्या वर्षी साडेतीन, आणि प्रत्येक वेळी नवी काच बसली की दूरचे लख्ख दिसू लागल्यामुळे आईबापांनी निर्धास्त व्हावे, हा शिरस्ता आता घरोघरी इतका रुळला आहे की, नंबर वाढतो म्हणजे डोळ्यात नेमके काय वाढते, हे विचारण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. वाढतो तो डोळाच. जन्मतः मागेपुढे १६-१७ मिलिमीटर लांब असलेला नेत्रगोल प्रौढपणी सुमारे २४ मिलिमीटरांवर येऊन थांबावा, असा निसर्गाचा हिशेब आहे. लघुदृष्टी जडलेल्या मुलाचा डोळा मात्र या हद्दीपाशी थांबत नाही. तो मागच्या बाजूने लांबत जातो, आणि ही लांबी एका मिलिमीटरने वाढली की चष्म्याचा नंबर साधारणतः अडीच ते तीन डायॉप्टरने वाढतो.

योहानेस केप्लर या जर्मन ज्योतिर्विदाने १६०४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात, बाह्य वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलावर उमटते आणि ज्याच्या डोळ्यात किरण त्या पटलाच्या अलीकडेच एकत्र येतात त्याला अंतर्वक्र भिंगाचा उपयोग होतो, असा उलगडा केला. लहानपणीच्या देवीच्या आजारामुळे त्याची स्वतःची दृष्टी अधू झाली होती, हे येथे सहज नमूद करतो. त्यानंतरच्या चारशे वर्षांत भिंगे हलकी झाली, ती डोळ्यावरच चिकटवता येऊ लागली, आणि लेसरच्या साहाय्याने पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार बदलून चष्माच टाकून देण्याची सोय झाली. परंतु या साऱ्या उपायांचे तत्त्व केप्लरच्या पलीकडे गेलेले नाही. किरण पुढे पडत होते ते मागे ढकलले, एवढेच त्यांचे कार्य. लेसर करून चष्मा उतरवलेल्या माणसाचा डोळा जेवढा लांब होता तेवढाच राहतो, आणि लांब डोळ्याला जे धोके असतात ते सगळे त्याच्या वाट्याला तसेच उरतात.

हे धोके क्षुल्लक नाहीत. उणे सहाच्या पुढे नंबर गेला, किंवा डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरांच्या वर गेली, म्हणजे त्या लघुदृष्टीस तीव्र म्हणावे असा सर्वसाधारण संकेत आहे. अशा डोळ्यात दृष्टिपटल ताणले जाऊन विरळ होते, कधी फाटून सुटते. त्याच्या मध्यबिंदूखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवून रक्तस्राव होतो. आणि काहींच्या बाबतीत नेत्रगोलाची मागची भिंत एका जागी इतकी दुबळी होते की तेथे बाहेरच्या बाजूस फुगवटा येतो. मग ज्या दृष्टीला आजवर चष्म्याचा आधार पुरत होता, तिला कोणतीच काच पुरी पडत नाही. ब्रायन होल्डन या ऑस्ट्रेलियन नेत्रसंशोधकाच्या चमूने २०१६ साली मांडलेल्या अंदाजानुसार, २०५० पर्यंत जगातील जवळजवळ निम्मी माणसे लघुदृष्टीची असतील आणि सुमारे एकदशांश माणसे तीव्र लघुदृष्टीची. अंदाज तो अंदाजच, हे मान्य करूनही, ज्या विकारात भिंत खचते त्यावर आपण चारशे वर्षे खिडकीच्या काचा बदलत आलो आहोत, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

ही भिंत म्हणजे श्वेतपटल. डोळ्याचा जो पांढरा भाग आपल्याला समोरून दिसतो, तोच मागे जाऊन संपूर्ण नेत्रगोलास वेढतो. नेत्राच्या मागच्या ध्रुवापाशी त्याची जाडी सुमारे एक मिलिमीटर असते, तर डोळा फिरवणारे सरळ स्नायू जेथे त्याला चिकटतात तेथे ती एकतृतीयांशावर येते. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू थरावर थर, उलटसुलट दिशांनी, गच्च विणलेले असावेत आणि त्या विणीत अधूनमधून तंतुजनक पेशी बसलेल्या असाव्यात, अशी त्याची रचना आहे. आतला द्रव या भिंतीवर अहोरात्र दाब देत असतो, आणि भिंत तो सोसत असते. तेव्हा लघुदृष्टी म्हणजे या दाबाने भिंत ताणली जाणे, इतके सोपे उत्तर कोणालाही सुचावे. पूर्वी तज्ज्ञांनाही ते सुचत असे. पण तीव्र लघुदृष्टीच्या श्वेतपटलाचा सूक्ष्मदर्शकाखाली तपास केला, तेव्हा तंतू नुसते ताणलेले नव्हते, तर ते बारीक झालेले होते, त्यांची रचना विस्कटलेली होती आणि एकूण कोलॅजनच घटलेले होते. भिंत बाहेरच्या दिशेने रेटली जात होती हे खरेच. पण त्याच वेळी आतून ती उकलली जात होती, आणि उकलण्याचे काम त्याच भिंतीतल्या पेशी करत होत्या.

त्या पेशींना असा हुकूम कोण देतो, हे शोधून काढण्याची कथा मोठी चटकदार आहे. हार्वर्डमध्ये टॉर्स्टन वीझेल आणि एलियो राव्हिओला यांनी माकडांच्या नवजात पिलांच्या पापण्या शिवून टाकल्या होत्या, आणि १९७७ साली त्यांनी असे प्रसिद्ध केले की, बंद ठेवलेले ते डोळे आकाराने वाढून लघुदृष्टीचे झाले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जोश वॉलमन यांनी कोंबडीच्या पिलांवर याच जातीचा प्रयोग केला. नंतर त्यांनी पिलांच्या डोळ्यांवर अर्धपारदर्शक झापडे अशा रीतीने लावली की दृष्टीचे अर्धेच क्षेत्र धूसर व्हावे, तर डोळाही त्या अर्ध्या बाजूनेच लांबला! त्याहून नवल असे की, डोळ्यातून मेंदूकडे जाणारी मज्जा कापून टाकली, तरीही झापड लावलेला डोळा लांबतच राहिला. म्हणजे हा कारभार मेंदूच्या दरबारी जातच नाही. प्रतिमा स्पष्ट पडते की नाही याचा निवाडा दृष्टिपटल करते, त्याचा निरोप मधल्या रक्तवाहिन्यांच्या थरातून श्वेतपटलापर्यंत पोहोचतो, आणि अंमलबजावणी तेथल्या तंतुजनक पेशी करतात.

निरोपाचा मजकूर अजून पुरता वाचता आलेला नाही, पण त्यातली काही अक्षरे लागली आहेत. दृष्टिपटलातले डोपामिन हे त्यांपैकी एक. उजेडात ते अधिक स्रवते आणि डोळ्याच्या लांबण्याला आवर घालते, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे. श्वेतपटलात कोलॅजन तोडणारी विकरे असतात आणि त्या विकरांना वेसण घालणारी प्रथिनेही असतात. लघुदृष्टीत पहिल्यांचा जोर वाढतो व दुसऱ्यांचा घटतो. २०१८ साली चीनमधील वेन्झोऊ येथील संशोधकांनी गिनी पिगांवरच्या प्रयोगांच्या आधारे असे प्रतिपादिले की, लांबत चाललेल्या डोळ्याच्या श्वेतपटलास प्राणवायू कमी पडतो, त्या टंचाईत तंतुजनक पेशींचे रूप पालटते आणि त्या कोलॅजन घडवण्याचे काम सोडून देतात. कोंबड्यांऐवजी गिनी पिग घेण्यास सबळ कारण आहे. पक्ष्यांच्या श्वेतपटलात कूर्चेचा एक थर असतो आणि लघुदृष्टीत तो वाढतो, तर सस्तन प्राण्यांचे श्वेतपटल, आपल्याप्रमाणेच, पातळ होते. भिंत मजबूत करण्याचा कोणताही उपाय कोंबडीवर सिद्ध झाला तरी तो माणसाच्या कामाचा असेलच असे नाही.

भिंत दुबळी झाली तर तिला बाहेरून आधार द्यावा, ही कल्पना काही आजची नव्हे. शेवेलेव्ह या रशियन शल्यविशारदाने १९३० साली मांडीवरच्या स्नायूंचे चिवट आवरण काढून त्याची पट्टी डोळ्याच्या मागे बसवण्याची तजवीज सुचवली. पुढे अमेरिकेत स्नायडर आणि थॉम्पसन यांनी १९७२ च्या सुमारास तिला सुटसुटीत रूप दिले, आणि मृत दात्याच्या श्वेतपटलाच्या पट्ट्या वापरून सोव्हिएत संघात व पुढे चीनमध्ये अशा पुष्कळ शस्त्रक्रिया झाल्या. अन्यत्र मात्र त्या रुजल्या नाहीत. याचे कारण उघड आहे. जेथे पट्टी बसवायची तेथून दृष्टिमज्जा बाहेर पडते, डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या आत शिरतात आणि रक्त परत नेणाऱ्या शिरा बाहेर येतात. पट्टी जरा घट्ट झाली की जे वाचवायचे तेच दडपले जाण्याची भीती, आणि सैल राहिली तर तिचा उपयोग काय, हा वाद. मॉस्कोमध्ये अव्हेतिसोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पट्टीऐवजी डोळ्यामागे रासायनिक द्रव्य सुईने टोचून तेथेच त्याचा थर जमवण्याचाही प्रयत्न केला होता. जर्मनीत व्होलेनझाक आणि श्पोर्ल यांनी २००४ साली आणखी एक वाट दाखवली: कोलॅजनच्या तंतूंना रासायनिक गाठी मारून मूळची भिंतच टणक करावी. त्यासाठी वापरलेली रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांची युक्ती आज पारपटलाच्या विकारात जगभर रूढ आहे, परंतु श्वेतपटलाच्या आत थोड्याच अंतरावर दृष्टिपटल असल्यामुळे, सशांवरच्या प्रयोगांत जास्त मात्रेच्या किरणांनी त्यालाच इजा झाली. शिवाय टणक केलेली भिंत पुन्हा उकलणार नाही, याची हमी कोणी द्यावी?

येथे हायड्रोजेलचा प्रवेश होतो, आणि डोळ्याच्या दृष्टीने हा पाहुणा अनोळखी नाही. भरपूर पाणी धरून ठेवणारे, पण पाण्यात न विरघळणारे लांब रेणूंचे जाळे म्हणजे हायड्रोजेल. नेत्रगोलाचा बहुतेक अंतर्भाग व्यापणारा काचाभ द्रव हा मुळातच असा पदार्थ आहे. त्यात ९८-९९ टक्के पाणी असते आणि त्या पाण्याला आकार देण्याचे काम थोडेसे कोलॅजन व हायलुरॉनिक आम्ल करतात. हे आम्ल प्रथम वेगळे काढले गेले तेही १९३४ साली, गाईच्या डोळ्यांतील काचाभ द्रवातूनच; न्यूयॉर्कच्या कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी. कृत्रिम हायड्रोजेलांचा पाया घातला तो प्रागच्या ओटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी. त्यांचा निबंध १९६० सालचा. दुसऱ्या वर्षी नाताळात विख्तर्ले यांनी आपल्या स्वयंपाकघरात, मुलांच्या जुळणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र तयार केले आणि त्यावर पहिल्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. सरकारी संस्थेने हे काम आवरते घ्यावे असे ठरवल्यावर माणसाने ते घरी चालू ठेवावे, ही हकीकत कोणत्याही देशातील संशोधकाला ओळखीची वाटेल. अशा रीतीने लघुदृष्टी आणि हायड्रोजेल यांचा संबंध साठ वर्षांचा आहे. फक्त तो आजवर डोळ्याच्या पुढच्या अंगाला होता, तो आता मागच्या अंगाला नेण्याचा बेत आहे.

या बेताचे सर्वांत स्वच्छ उदाहरण कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात क्रिस्टीन वाइल्डसेट आणि केव्हिन हीली यांच्या सहकार्यातून घडले आणि २०१७ साली प्रसिद्ध झाले. सात दिवसांच्या गिनी पिगांच्या एका डोळ्यावर एक आठवडा धूसर झापड लावण्यात आली. मग काहींच्या डोळ्याच्या मागे, श्वेतपटल आणि त्याला झाकणारे टेनॉनचे पातळ आवरण यांच्या मधल्या फटीत, हायलुरॉनिक आम्लापासून बनवलेले हायड्रोजेल टोचले गेले, आणि झापड पुढे तीन आठवडे तशीच ठेवली. ही फट नेत्रशल्यविशारदाच्या हाताला नवी नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भूल देण्याचे औषध पुष्कळदा तेथेच सोडतात. जेल साधे नव्हते. त्याच्या रेणूंना शरीरातल्या पेशींना धरून ठेवणारी प्रथिनांची छोटी आकडी जोडलेली होती, आणि जाळ्याचे सांधे असे होते की पेशींच्या विकरांनी ते हळूहळू तुटावेत. त्या तीन आठवड्यांनंतर पाहता जेल जागच्या जागी होते, आजूबाजूच्या पेशी त्यात शिरून निरोगी दिसत होत्या, अपायाची चिन्हे नव्हती, आणि जेल मिळालेल्या डोळ्यांत लघुदृष्टीची वाढ नुसत्या झापडीच्या डोळ्यांच्या तुलनेत मंदावली होती.

या योजनेतली खरी चतुराई सांध्यांच्या निवडीत आहे. जी विकरे श्वेतपटल पोखरतात, त्याच जातीच्या विकरांनी जेल विरघळावे, आणि ते विरघळत असताना त्याच्या जागी शरीराने आपले स्वतःचे तंतू घालावेत, असा हा संकल्प आहे. कारण जेल बळाने भिंत तोलून धरील, ही अपेक्षाच चुकीची. श्वेतपटलाच्या ताठपणाशी तुलना करता असले हायड्रोजेल कितीतरी पटींनी मऊ असते. त्याने काही साधायचेच असेल तर ते तेथे जमणाऱ्या पेशींच्या हातून. वर्तमानपत्रांत ‘जेलने लघुदृष्टी रोखली’ असे मथळे येतात तेव्हा ही बाब नेमकी गळून पडते.

आणखी एक जुने प्रकरण या संदर्भात विसरून चालणार नाही. सुटलेले दृष्टिपटल पुन्हा बसवण्यासाठी डोळ्याच्या बाहेरून आधार देण्याची शस्त्रक्रिया फार दिवसांपासून चालत आलेली आहे, आणि १९८० च्या दशकात त्या आधारासाठी एक हायड्रोजेल बाजारात आले. मऊ, डोळ्याला न रुतणारे, म्हणून त्याचे स्वागत झाले. वर्षे लोटली, आणि रुग्ण परत येऊ लागले: जेल पाणी शोषत शोषत कित्येक पटींनी फुगले होते, डोळा एका बाजूला रेटला जात होता, फिरता फिरेना, कोठे जेल आवरण फोडून बाहेर येत होते, आणि काढायला जावे तर चिमट्यात त्याचे तुकडे होत. घातले तेव्हा दोष दिसला नाही, पहिली काही वर्षेही दिसला नाही. गिनी पिगाच्या तीन आठवड्यांच्या निष्कर्षावरून आठ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या सत्तर वर्षांचा हवाला देऊ पाहणाऱ्याने हे दप्तर एकदा उघडून पाहावे.

आता मूलपेशींकडे वळू. अस्थिमज्जेत हाड, कूर्चा आणि चरबी अशा निरनिराळ्या ऊती घडवू शकणाऱ्या पेशी असतात, हे मॉस्कोच्या फ्रीडेनश्टाइन यांनी १९६०-७० च्या दशकांत दाखवले. तशाच पेशी पुढे चरबीत, नाळेत आणि अन्यत्र सापडल्या. उंदराच्या श्वेतपटलातही अशा पेशी असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या भिंतीची डागडुजी करायची तिच्यातच गवंडी वस्तीला आहेत, फक्त ते थोडे आहेत किंवा निष्क्रिय आहेत. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मिरोस्लाव्ह यानोव्हस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक लेख लिहून या विचाराला रीतसर रूप दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: लघुदृष्टीचे मूळ कारण काहीही असो, श्वेतपटलाचे दौर्बल्य तिच्यात सर्वत्र आढळते, तेव्हा संयोजी ऊतीला बळ देणाऱ्या मूलपेशी तेथे पोहोचवल्या तर तो उपाय सर्वांनाच लागू पडेल, आणि सूर्यप्रकाशाचा गुण जर डोपामिनमुळे येत असेल, तर पार्किन्सनच्या विकारासाठी तयार केलेल्या डोपामिन स्रवणाऱ्या पेशींचा येथेही उपयोग करून पाहता येईल. या लेखाच्या शीर्षकातच ही एक संकल्पना आहे असे स्पष्ट नमूद केले होते. संशोधकांचा हा संयम मूलपेशींच्या नावावर पुढे व्यापार करणाऱ्यांनी पाळला असता, तर बरे झाले असते.

मूलपेशी टोचल्या की त्या श्वेतपटलाच्या पेशी बनतात आणि भराभर कोलॅजन विणू लागतात, अशी सामान्य समजूत असते. प्रत्यक्षात शरीरात सोडलेल्या अशा पेशींपैकी बहुतेक थोड्याच काळात मरतात किंवा भलतीकडे वाहून जातात. जो काही गुण येतो तो पुष्कळसा, जिवंत असेतो त्या जी प्रथिने आणि जे सूक्ष्म कोश बाहेर टाकतात त्यांच्या द्वारा, शेजारच्या पेशींना मिळणाऱ्या चेतनेमुळे येतो, असे आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. म्हणूनच काही प्रयोगशाळा पेशी वगळून नुसते ते कोशच जेलमध्ये मिसळून देण्याच्या खटपटीत आहेत. आणि म्हणूनच मूलपेशी व हायड्रोजेल ही दोन नावे जोडीने घेतली जातात: वेल नुसती जमिनीवर सोडली तर ती तुडवली जाते, मांडवावर चढवली तर ती टिकते. या मांडवाचा कडकपणासुद्धा मोजून ठेवावा लागतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲडम एंग्लर आणि डेनिस डिशर यांनी २००६ साली दाखवले की, त्याच मूलपेशी मऊ पृष्ठावर वाढवल्या तर चेतापेशींच्या, मध्यम कडक पृष्ठावर स्नायूंच्या, आणि टणक पृष्ठावर हाडाच्या वळणाने जातात. डोळ्याच्या मागे हाडाचा कण तयार व्हावा, असे कोणाला वाटेल? तेव्हा सुईतून पातळपणे उतरणारे, आत गेल्यावर घट्ट होणारे, न फुगणारे, पेशींना सांभाळणारे, त्यांना योग्य वळण लावणारे आणि काम संपताच निमूटपणे नाहीसे होणारे असे जेल हवे; रसायनशास्त्रज्ञांपुढे ठेवलेली ही दरखास्त काही लहान नव्हे.

आणि ती मंजूर झाली असे धरले, तरी एक प्रश्न उरतो, ज्याची चर्चा मला फार थोड्या ठिकाणी आढळली. श्वेतपटल उकलण्याचा हुकूम दृष्टिपटलाकडून येतो, हे आपण पाहिले. बाहेरून आणलेल्या पेशींनी नवे तंतू घातले, पण आतला हुकूम रद्दच झाला नाही, तर ते नवे तंतूही त्याच हुकमाने पुन्हा उकलले जाणार नाहीत कशावरून? डोपामिनचा मार्ग या मुळाशी जातो, परंतु डोळ्यात जन्मभर डोपामिन स्रवणारी पेशी बसवणे म्हणजे, नको झाले तर बंद करता येणार नाही असा नळ बसवणे होय. माझ्या मते या दोन मार्गांपैकी श्वेतपटलाचा मार्ग अधिक सुरक्षित आहे आणि तोच आधी प्रौढ होईल. मात्र एक खुलासा वाचकांनी पक्का लक्षात ठेवावा: हा उपाय संपूर्ण यशस्वी झाला तरी लांबलेला डोळा तो आखूड करणार नाही. वाढ थांबेल, नंबर जाणार नाही.

माणसाच्या लघुदृष्टीवर मूलपेशींचा किंवा जेलचा असा कोणताही उपचार आज रूढ झालेला नाही. तरीही मूलपेशींच्या नावाने जाहिराती करणाऱ्या दवाखान्यांची वाण जगात कोठेच नाही, आपल्या देशातही नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०१५ साली ७२ ते ८८ वर्षांच्या तीन स्त्रियांना, वार्धक्याने दृष्टिपटलाचा मध्यबिंदू झिजत होता म्हणून, त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या ‘मूलपेशी’ एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचण्यात आल्या. प्रत्येकीकडून पाच हजार डॉलर घेतले गेले. आणि तिघींची दृष्टी अत्यंत खालावली, एकीला तर उजेडही कळेनासा झाला. २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकातून हा वृत्तांत बाहेर आला. तो विकार वेगळा, सुई गेली ती डोळ्याच्या आत, बाहेरच्या फटीत नव्हे, हा भेद मान्य. पण दोन्ही डोळे एकाच दिवशी टोचण्याची बेफिकिरी ज्या व्यापारी वृत्तीतून येते तिला विकाराचा भेद कळत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी याबाबत कोणतीही मुभा ठेवलेली नाही: रक्ताच्या काही ठरावीक विकारांत मान्य झालेला उपयोग सोडला, तर मूलपेशींचा रुग्णावरील प्रत्येक वापर हा प्रयोग समजावा, तो मंजुरी मिळालेल्या चाचणीतच व्हावा, आणि त्याबाहेर केल्यास तो गैरव्यवहार मानावा.

यावरून डोळ्याच्या बाबतीत मूलपेशी म्हणजे सगळेच थोतांड, असा उलटा निष्कर्ष कोणी काढू नये. पारपटलाच्या कडेला असणाऱ्या मूलपेशी रसायनाने किंवा चुन्याने जळाल्या, तर दुसऱ्या, निरोगी डोळ्याच्या कडेचा छोटा तुकडा घेऊन, त्याचे कण करून, ते जळलेल्या डोळ्यावर गर्भावरणाच्या पडद्यावर रोवण्याची साधी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केली, आणि तिने अनेकांना दृष्टी परत दिली आहे. पण तेथे नष्ट झालेल्या पेशींची जागा तशाच पेशींनी भरायची असते, जागा डोळ्यांसमोर असते, आणि रुग्णाची दृष्टी आधीच गेलेली असते. लघुदृष्टीच्या मुलाला चष्म्यासह सारे स्वच्छ दिसत असते; त्याच्या डोळ्यामागे सुई नेणाऱ्याच्या अंगावर पडणारी जबाबदारी वेगळ्याच मोलाची आहे.

त्या मुलासाठी तूर्त जे उपलब्ध आहे ते कमी नाही. हाँगकाँगमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲट्रोपिनच्या तीन सौम्य मात्रांपैकी ०.०५ टक्क्यांच्या थेंबांनी लघुदृष्टीची गती सर्वांत अधिक मंदावली. रात्री डोळ्यात ठेवून झोपण्याच्या कडक लेन्स आणि खास घडणीच्या काचा यांचाही उपयोग होतो. ग्वांगझोऊ येथे पहिलीतल्या मुलांना शाळेच्या वेळात रोज ४० मिनिटे जादा उघड्यावर ठेवले, तर तीन वर्षांत लघुदृष्टी जडणाऱ्यांचे प्रमाण ३९.५ टक्क्यांवरून ३०.४ टक्क्यांवर आले, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. या उपायात विकण्याजोगे काही नसल्याने त्याची जाहिरात होत नाही.

जेल आणि मूलपेशींची माणसावरची पहिली चाचणी, ती जेव्हा होईल तेव्हा, मुलांवर होऊ नये. ज्यांचा डोळा ३० मिलिमीटरांच्या पुढे गेला आहे, मागची भिंत फुगत चालली आहे, आणि ज्यांच्यापुढे दात्याच्या श्वेतपटलाच्या पट्टीखेरीज दुसरा इलाज नाही, अशा प्रौढ रुग्णांचा हक्क पहिला. ते स्वतः विचार करून संमती देऊ शकतात आणि नकारही. एका वेळी एकच डोळा घ्यावा, दुसरा तुलनेसाठी राखावा. चष्म्याच्या नंबरावरून यशापयश ठरवू नये. दर सहा महिन्यांनी डोळ्याची लांबी मोजावी, भिंतीच्या जाडीचे चित्र घ्यावे, जेल फुगले का हे पाहावे, आणि असे पाच-सात वर्षे निर्विघ्न गेल्यावरच बालरुग्णांच्या चाचणीचा मसुदा नीतिसमितीपुढे ठेवावा.